उपटलेली लावणी

'शेतीचा अनुभव' असे शब्द कुठल्या पाटीवर दिसले, की माझं डोकं आजही भणभणतं. गेल्या पावसाळ्यात चौथीच्या वर्गाला घेऊन सहलीला गेले, तेव्हापासून.

पनवेलपासून तासाभरावरचं शेत-उद्यान. आधी बैलगाडीची चक्कर, मग भाताची लावणी, मग पिठलं-भाकरी. आमची पोरं बहुतेक करंजाडेच्या टॉवरांमधली. चिखल बघूनच "ई, टीचर!" सुरू झालं.

वर्गात एकच मुलगी डोंगराकडच्या वाडीवरची, शिक्षणहक्काच्या मोफत जागेवर आलेली. आईबाप पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतावर, एरवी वीटभट्टीवर. ती 'हाय', 'नाय' बोलली की वर्ग खिदळायचा, म्हणून ती बोलायचीच नाही. तिचा आवाज मी हजेरीपुरता ऐकला होता.

खाचरात उतरल्यावर पोरं मूठभर रोपं धरून कशीही खुपसायला लागली. तिला राहवेना. "अशी नाय रे! तीन-चारच काड्या घ्या. अंगठ्यानं दाबा. आनि मागं मागं सरका, नायतर आपलेच पाय पडतात त्यावर!" सगळे थांबले आणि चक्क ऐकायला लागले. दहा-बारा पोरं तिच्याबरोबर वाकून लावत मागे सरकत होती. कुणाची ओळ वाकडी झाली की ती दामटून सरळ करायला लावत होती. मी इतकी खूश झाले की फोटो काढायचं विसरले.

जेवून हात धुवायला गेलो, तर खाचरात दोन बायका आमचीच रोपं उपटत होत्या. उपटायची, जुडी बांधायची, बांधावर ठेवायची. फाटकाशी दुसऱ्या शाळेची बस लागली होती.

पोरगी धावत चिखलात घुसली आणि आपल्या ओळीपुढे उभी राहिली. "नका ना उपटू! आताच लावलंय!" बायका बिचाऱ्या ओशाळून थांबल्या. तिथला मॅनेजर आला. "मॅडम, मुलीला बाहेर घ्या. पुढची बॅच आलीय."

"म्हणजे रोज हीच रोपं लावता आणि उपटता?"

"मग काय झालं? मुलांना मजा आल्याशी मतलब."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या गावात, विचुंब्याला, इमारती यायच्या आधी आमचीही शेती होती. लावलेलं रोप कुणाच्या पायानं कलंडलं, तर आई तेवढ्यासाठी परत चिखलात उतरायची. आणि हा मेला म्हणतो मजा! "लाज नाही वाटत? पोरांना हे शिकवता?" मी अशी कडाडले की नळावरची पोरं गप्प झाली.

एकजण मात्र बोललाच, "म्हणजे सगळं खोटं खोटंच होतं! उगाच हिचं ऐकून एवढं नीट लावलं." दोघंतिघं हसली. तिनं ते ऐकलं. पाच मिनिटांपूर्वीची ती पोरगी गेली आणि वर्गातली, मान खाली घालणारी परत आली. त्याचा मला जास्त संताप आला. मी मॅनेजरला सोडलंच नाही. शेवटी तो वैतागला, "बरं, हिची ओळ ठेवतो. झालं? निघा आता."

बसमध्ये तिला मी माझ्याशेजारी बसवलं. गाडी हलली, तेव्हा नवी पोरं आरडाओरडा करत खाचराकडे पळत होती.

"बाई, माझी ओळ ऱ्हाईल ना?"

"राहील की! मी चांगला दम भरलाय त्याला."

तिनं मान वळवून खिडकीतून मागच्या खाचराकडे बघितलं.

"तो खोटं बोलला, ते जाऊ दे," ती म्हणाली. "तुमी तरी नका बोलू."