गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज

होम थिएटर घ्यायला मी अमरावतीला एकटीच गेले होते, एसटीनं. साठी उलटलेली बाई, हातात भाजीची पिशवी, आणि दुकानात जाऊन म्हणते काय, तर ते पाच डब्यांचं सिनेमाचं यंत्र दाखवा! दुकानदारानं आधी माझ्या मागून कोणी माणूस येतो का ते पाहिलं. कोणी येत नव्हतं. मग स्टूल दिलं.

हट्ट मुलाचा. तो पुण्याला नोकरीला. त्याचे वडील गेल्यापासून दर रविवारी फोनवर त्याचं एकच, "आई, तुले करमते का?" मी म्हणायची, "करमते." त्याला पटायचं नाही. शेवटी म्हणाला, "घरीच टॉकीज करून घे. मोठा टीव्ही, होम थिएटर, वर डिश. मंग एकटीलेही करमीन."

एकटीला करमावं म्हणून मी ते घेत नव्हते, हे त्याला सांगितलं नाही. मला आमची ओसरी पुन्हा भरलेली पाहिजे होती.

आमचं गाव चांदूर रेल्वेच्या अलीकडचं. गल्लीत पहिला टीव्ही आमचा. संध्याकाळी तो उचलून ओसरीत ठेवायचा, तोंड अंगणाकडे, आणि अंगणात पोती अंथरायची. बाया लसूण सोलत बसायच्या, शेंगा फोडत बसायच्या. कोणाला घरचं रडायचं असलं, तर ती सिनेमाच्या नावानं रडून घ्यायची. कोणी विचारायचं नाही. पुढं वर्षं अशी आली, की कापसानं हात दिला नाही. दोन घरांना कुलपं लागली, पोरं सुरतेला, पुण्याला गेली. वरूडकडे माझ्या माहेरी तर संत्र्याची वाळलेली झाडं तोडून सरपण केलं. आणि गंमत पाहा, त्याच वर्षांत छतांवर डिशच्या छत्र्या उगवल्या. ज्याचा त्याचा टीव्ही, ज्याचं त्याचं दार.

तर दुकानदारानं तीन संच वाजवून दाखवले. याचा आवाज गोड, त्याचा बास खोल, असं काहीबाही सांगत होता. मी म्हटलं, "तुम्ही वाजवत राहा," आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या रसवंतीपाशी जाऊन उभी राहिले. पहिला ऐकूच आला नाही. दुसरा यायचा, पण ट्रक गेला की बुडायचा. तिसरा ट्रकाच्या वरून आला. रसवंतीवाला म्हणाला, "काय लावलं बापा त्या दुकानात!" मी परत येऊन म्हटलं, हाच द्या, सोबत एक मोठा टीव्ही.

"आजी, खोली केवढी आहे तुमची?"

"खोलीचं काय करता? गल्ली मोठी आहे."

मग त्यानं डिशच्या पॅकची यादी पुढं केली. मालिकांचा पॅक मी शेजारणीसाठी घेतला. भजनाचा कोपऱ्यावरच्या म्हातारीसाठी. बातम्या आणि शेतीचं चॅनेल माणसांसाठी. गल्लीच्या तोंडाशी बांगड्या विकणाऱ्या भाभीला कव्वाली आवडायची, म्हणून उर्दूचं एक. दुकानदार म्हणाला, "घरी बरीच मंडळी दिसते." मी म्हटलं, "आहे ना."

चार दिवसांनी फिटर आला. पिकल्या दाढीचा, मूळ बार्शीटाकळीचा माणूस. आतली खोली पाहून खूश झाला.

"खिडक्या बंद, जाडा परदा, दार लावून घ्याचं, और बीच में एक कुर्सी. चारी बाजूनं आवाज बरोबर तिथं येते. आप बैठती कहाँ हो, अम्मा?"

"माझं काय, मी चहा पाहीन. बसणारे ओसरीत बसतीन. ओसरीतच लावा भाऊ."

"ओसरीले तीनच भिंती आहेत! मागचे डबे कशाले लावू, हवेले?"

"खांबाले लावा. तोंड बाहेर."

"अम्मा, ही बंद दाराआड पाहाची चीज आहे."

"दार लावलं तर येईन कोण?"

 त्यानं पिशवीतून हातोडी काढली आणि खांबाला खिळे ठोकले.

हळदीकुंकवाचं बोलावणं करणं माझं बंद झालं होतं, पण तसंच घरोघर फिरून बोलावणं केलं. सगळ्या म्हणाल्या, येतो ना काकू. पारावर बसलेल्या माणसांनाही बातम्यांचं सांगितलं, तर एक जण म्हणाला, "बातम्यात आपलंच गाव दाखवून राहिले काकू. ते आमच्या दारातून दिसते, तुमच्याकडे कशाले येऊ?"

चिवडा केला, सतरंज्या टाकल्या, सात वाजता आवाज सोडला.

साडेसातला शेजारीण आली, पदर खोचून. "काकू, बहिऱ्या झाल्या काय वं तुमी? आमच्या टीव्हीतली सून काय बोलून राहिली, कायी ऐकू येत नाही!"

"ये, बस."

"बसाले टाइम नाही. जाहिराती लागल्या म्हणून आली."

पण उभ्याउभ्यानं चिवडा खाल्ला, गुडघा किती ठणकतो ते सांगितलं, जावेच्या दोन कागाळ्या केल्या, आणि पळाली. मी आवाज कमी केला. बाकी कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आवाज मुद्दाम वाढवला. सांगायला लाज वाटते, पण वाढवला, आणि चहा आधीच टाकून ठेवला. ती आली, भांडली, चहा प्याली, गेली. तिसऱ्या दिवशीही आली. चौथ्या दिवशी मात्र तिच्या खिडकीची दोन्ही फळकुटं एकामागून एक आपटून लागली. माझ्या पाच डब्यांच्या वरून मला तो आवाज ऐकू आला.

मी सगळं बंद केलं. रिकाम्या सतरंज्या गुंडाळल्या, पायात चप्पल घातली आणि तिच्या दाराशी गेले.

"काहून, लाइन गेली काय?"

"नाही. बंद केलं."

तिनं मला एकदा पाहिलं. मग पलंगावर सरकून जागा केली. "बसा. सून आता माहेरी चालली."

तिचा टीव्ही लहान, आवाज घोगरा. कोण कोणाची कोण, ते तिची मुलगी मला सांगत होती. मग मी रोजच जायला लागले. महिना भरल्यावर डिशवाल्याचा फोन आला, कोणते पॅक चालू ठेवायचे म्हणून. मी म्हटलं, सगळ्यात लहान असेल तो.

शेजारणीकडे मात्र मी मालिका संपायच्या आधीच उठायची. ती संपली की त्यांच्याकडे ताटं घेत. शेजारीण दारापर्यंत येऊन म्हणायची, "जेवूनच जा ना काकू, दोन घास."

"झालं माझं," मी म्हणायची. झालेलं नसायचं. पण रोज रोज कोणाच्या पंगतीत बसावं? मालिकेत पुढं काय झालं ते तिची मुलगी मला दुसऱ्या दिवशी सांगायची.