गव्हावर आलेला तांबेरा

मालक सोलापूरच्या गिरणीत लागले आणि इकडं कर्नाटकात मादन हिप्परग्याचं रान माझ्या एकटीवर पडलं. सासूबाई त्याच पावसाळ्यात गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. दिवस दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही.

त्या साली विहिरीखाली गहू केला होता. ओंब्या निसवायला लागल्या आणि आभाळ आलं. पाऊस पडेना, ऊनही पडेना. एका सकाळी पिकातून फिरून बाहेर आले, तर लुगड्याचा घोळ तांबडा झालेला. पानावर बोट फिरवलं तर विटकरी भुकटी लागली. तांबेरा! माहेरी एकदा आला होता, तेव्हा खळ्यावर नुसता कोंडा उरला होता.

तालुक्याला शेतकी हापिसात गेले. साहेबांनी कानडीत सांगितलं, "गंधकाची भुकटी धुरळा. सकाळी दव असताना, वारा नसताना. सगळं वाचणार नाही, पण पसरायचं थांबेल. पुढच्या साली बी बदला, लवकर पेरा."

गंधक आणलं, फडक्यात सैल बांधलं, काठीला लटकवलं आणि दुसऱ्या काठीनं ठोकत वरंब्यावरून चालू लागले. डोळे चुरचुरत होते. शेजारच्या रानातली म्हातारी अक्का बांधावरून ओरडली,

"कामून एकटीच करायलीस गं? मला हाक मारायला काय झालतं?"

"तुमच्या रानात गहू न्हाई, अक्का. तुमाला कशाला तरास?"

"आग लागली असती तर बोलावली असतीस का न्हाई?"

तिनं पदर नाकाला बांधला आणि दुसरी कड धरली. बोलणं झालंच नाही. तोंड उघडलं की गंधक घशात जायचं. पण पलीकडून तिच्या काठीचा आवाज येत होता, तेवढ्यानं मला बरं वाटलं.

वरचा तुकडा गेलाच. विहिरीजवळचा वाचला. शिमग्याला मालक आले. दाणे हातात घेऊन म्हणाले,

"गहू बारीक आलाय यंदा."

"तांबेरा पडलता."

"मग काय केलीस?"

"गंधक धुरळले."

"बरं केलीस," म्हणाले आणि गिरणीतलं सांगायला लागले. मला अजून पुष्कळ सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या मोटारीनं गेले.

उन्हाळ्यात अक्काला तिच्या लेकानं गुलबर्ग्याला नेलं.

पुढच्या साली मी बी बदललं, पेरणी लवकर उरकली. गहू कमरेएवढा झाला, पानावर एक ठिपका नाही. बांधावर उभी राहून कितीतरी वेळ बघत राहिले. बघा म्हणायला आसपास कुणी नव्हतं. विहिरीवरच्या इंजनाचं पाणी वाफ्यात तुंबायला लागलं, तेव्हा फावडं उचललं आणि पुढच्या वाफ्याचं दार फोडलं.