देवीची करंगळी

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची, भोर संस्थान असतानाची ही गोष्ट. वेल्ह्याच्या वर डोंगराच्या पदरात धनगरांची एक वाडी होती. घरं थोडी, मेंढरं फार आणि सगळ्यांत मिळून देवी एक. काळ्या पाषाणाची, हातभर उंचीची, उजवा हात वर केलेली. ती कोणत्या काळातली हे वाडीला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. देवीला रोज न्हाऊ घालायचं काम सारजाबाईकडे होतं. नवरा गेल्यावर मानाचं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

एका सकाळी तिची शेळी व्यायला आली. सारजाबाईनं घाईघाईत देवीवर तांब्या उपडा केला आणि ती घरी पळाली. दुसऱ्या दिवशी पाहते तो देवीच्या वर केलेल्या हाताची करंगळी नाही. तांब्या लागला असेल का? तिला आठवेना. आठवेना म्हणजे लागलाच असणार, असं वाडीनं ठरवून टाकलं. आदल्या दुपारी मोडीचं तांबं-पितळ घेणारा एक शेट देवळात सावलीला टेकला होता. पण विधवा बाई हाताशी असताना शेटाला कोण दोष देणार?

भंगलेली मूर्ती पुजायची नाही, पाण्यात सोडायची, ही रीत. वाडीचे कारभारी रखमाजी हे सारजाबाईचे चुलत सासरे. त्यांनी देवी पाटीत घालून नदीच्या डोहात सोडली, भोरच्या पाथरवटाकडून नवी आणली आणि सेवा धोंडाबाईला दिली. सारजाबाईला कुणी टाकून बोललं नाही, फक्त तिच्या हातचं पाणी देवळापर्यंत जाईनासं झालं. शेवटचं देऊळ झाडताना तिला निर्माल्यात करंगळी सापडली होती. ती तिनं पदराला बांधून घरी नेली आणि फडताळात ठेवली. तांब्याही तिथंच उपडा घातला. प्यायच्या पाण्यालासुद्धा मग तिनं मातीचं भांडं धरलं. देवी आपल्याच हातानं मोडली का, हा एक प्रश्न तिला आतून खात राहिला.

पुढल्या उन्हाळ्यात डोह आटला. तळाचे गोटे दिसले, देवी दिसली नाही. रागावून गेली, असं लोक म्हणाले आणि त्यांनी सारजाबाईकडे बघितलं.

त्यानंतर एके दिवशी तोच शेट तिच्या दारात उभा राहिला.

"देऊळ तुम्हीच झाडत होता ना, बाई? देवीची करंगळी सापडली होती का? चांगले पैसे देतो."

सारजाबाईनं बोट आणून दाखवलं, पण त्याच्या हाती दिलं नाही. शेटानं पिशवीतून करंगळी नसलेला, मेणात ठसा घेतलेला एक पंजा काढला. मोडल्या जागी बोट बसतं का, ते त्याला बघायचं होतं. तो पंजा सारजाबाईनं पाहताक्षणी ओळखला. अंगठ्याखालचा टवका, मनगटावरची झिजलेली कांकणं. कितीतरी वर्षं तिनं देवीच्या त्या हाताला तेल लावलं होतं.

"देवी तुमच्याकडं हाय," ती म्हणाली. "डोहातनं तुमीच काडली. आन बोट बी त्या दुपारी तुमीच मोडलं. मोडल्याबिगर आमी तिला पान्यात सोडली नसती."

"मोडकी देवी तुम्हाला नकोच होती की. तिकडं विलायतेत साहेबलोक तिला काचेच्या कपाटात ठेवतात. द्या ते बोट."

"देते. देवळात चला, समद्यांम्होरं मागा."

शेटानं पंजा पिशवीत टाकला आणि आल्या वाटेनं चालू लागला. पुन्हा तो त्या डोंगरात दिसला नाही.

सारजाबाई उंबऱ्यावर बसून पोटभर रडली. देवी गेली याचं दुःख होतंच, पण आपला हात निर्दोष होता याचा आनंद त्याहून मोठा होता. मग उठून ती रखमाजींकडे गेली.

रखमाजींनी सगळं ऐकून घेतलं. देवी आपणच पाटीत घालून चोराच्या पदरात टाकली, हे वाडीला सांगायचं कुणी?

"सेवा पुन्यांदा तू कर," शेवटी ते म्हणाले.

"धोंडाबाईची काडू नका, मामंजी. एवडं बोट मातूर देवळात ठिवा."

"खुळी का काय? भंगल्यालं देवळात चालत न्हाई."

"देवी भंगली. बोट अख्खं हाय."

पंचांना विचारून सांगतो, असं रखमाजींनी कारभाऱ्याच्या थाटात सांगितलं. पंचांचा विचार काही संपला नाही.

सारजाबाई घरी आली. फडताळातला तांब्या काढून चिंचेनं लखलखीत घासला, पाणी भरलं आणि करंगळीला सावकाश न्हाऊ घातलं. तांब्यात उरलेलं पाणी ती स्वतः प्यायली.