कोरी जागा सोडणाऱ्या नफीसाबाई

डॉ. नफीसाबाईंची आणि माझी पहिली भेट जेद्दातल्या आमच्या इस्पितळाच्या रक्त तपासणी विभागात झाली, आणि त्या भेटीतच मी त्यांच्यावर वैतागले. त्या बालरोगतज्ज्ञ, मी प्रयोगशाळेत नवी. एका मुलाचा रिपोर्ट हवा म्हणून त्या माझ्याच स्टुलावर येऊन बसल्या. “मॅडम, वेळ लागेल, मी पाठवते,” म्हटलं, तर म्हणाल्या, “पाठवा ना, मी इथेच आहे. त्याची आई बाहेर बसलीय. तिच्यासमोर रिकाम्या हातानं उभं राहवत नाही.” आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले, तरी माझं वैतागणं संपलेलं नाही.

निवृत्तीच्या सुमारास अझीझियातल्या त्यांच्या इमारतीत एक चिनी चित्रकार बाई राहायला आल्या. त्यांच्याकडून नफीसाबाई शाईची चित्रं शिकल्या. सहाणेवर चंदन उगाळावं तशी शाईची कांडी दगडावर उगाळायची आणि पातळ कागदावर कुंचला टेकवायचा. एकदा टेकला की खोडता येत नाही. इथवर ठीक होतं. पण जुन्या चिनी विद्वानांची आणखी एक रीत त्यांना फार आवडली. ते चित्र विकत नसत, मित्राला देत. आणि मित्रानं चित्रातल्या मोकळ्या जागेत आपल्या मनातलं लिहायचं. त्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

मग काय विचारता! शराफियातल्या किराणावाल्या अब्दुलभाईंना त्यांनी धुक्यातले डोंगर दिले. रत्नागिरीकडच्या त्या गृहस्थांनी त्यावर लिहिलं, “घाट उतरला की डावीकडे वळा. आमचं घर.” एका डॉक्टरांच्या नातीनं बांबूच्या बनावर इंग्रजीत “टू बोरिंग” लिहिलं. ते चित्र बाईंचं सर्वांत लाडकं.

गौरव समितीनं प्रदर्शनासाठी चित्रं गोळा केली, तेव्हा आमचे सचिव विनायकराव डोक्याला हात लावून बसले. “मॅडम, पाहुण्यांसमोर हे लावायचं?”

“हेच लावायचं. नुसती माझी चित्रं कोण बघणार?”

एकच चित्र कोरं निघालं, माझं. साहजिकच ते या ग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी ठरलं. बाईंनी साफ नकार दिला. “ते अपुरं आहे. शैलाबाईंनी लिहिलं तर छापा, नाहीतर मुखपृष्ठ कोरं सोडा.” छापखान्याचा माणूस रोज फोन करत होता, आणि या शांतपणे चहा पीत होत्या.

ते चित्र त्यांनी मला कधी दिलं, ते सांगायला हवं. पुण्यात आई गेली आणि एक्झिट-रीएंट्रीचे, म्हणजे सौदीबाहेर जाऊन परत यायच्या परवान्याचे, कागद वेळेत न झाल्यानं मी पोहोचू शकले नाही. लोक येऊन समजूत घालून गेले. बाई आल्या, त्या दगड आणि शाई घेऊन. माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी खडकाशेजारी एकच झाड काढलं. बाकी सगळा कागद पांढरा. “ही जागा तुमची. जमेल तेव्हा लिहा,” एवढं बोलून निघून गेल्या.

मी ते काचेत बसवलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आमचं इंग्रजी अक्षर वळणदार केलं. मराठी मात्र बिघडेल म्हणून आई दर रविवारी पाटीवर गिरवून घ्यायची. त्या कागदावर मराठीत वेडंवाकडं लिहायची माझी छातीच होत नव्हती.

गेल्या शुक्रवारी बाईंनी काच काढायला लावली.

“बिघडलं तर?” मी विचारलं.

“बिघडू दे. आईला तुमचं अक्षर ठाऊक आहे की.”

“तुम्ही तिकडे बघा.”

“मी कशाला बघतेय? शाई उगाळतेय.”

मी लिहिलं, “आई, मी इथे बरी आहे.” ‘बरी’तली वेलांटी फुटून झाडाच्या मुळाशी पसरली. नफीसाबाईंनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “झकास. आता दुसरी ओळ पुढच्या वर्षी.”

म्हणजे विनायकरावांनी मुखपृष्ठ छापावं आणि बाईंनी चित्र पुरं झालं असं मानू नये. यापुढे काय बोलावं! त्या कागदावर अजून हातभर जागा शिल्लक आहे आणि मी वर्षाला एकच ओळ लिहिणार आहे. तेवढ्या सगळ्या वर्षांत शाई उगाळून द्यायला नफीसाबाई ठणठणीत असायलाच हव्यात. यात त्यांचा कोणताही हट्ट चालणार नाही.