पोळ्याला कॉम्प्युटरची सुट्टी

आमच्या घरचे बैल गेले आणि ट्रॅक्टर आला, तरी वडिलांनी पोळा काही सोडला नाही. त्यांनी फक्त बैलाची व्याख्या वाढवली. घरात जे राबतं ते बैल. त्यामुळे सौंसरच्या आमच्या घरी पोळ्याला ट्रॅक्टर धुतला जातो, विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला हळदीकुंकू लागतं, मिक्सरच्या कपाळी एक बोट टेकवलं जातं, आणि त्या दिवशी यातलं काहीही चालवायचं नाही. पुरण मात्र सुनेनं पाट्यावर वाटायचं. राबणाऱ्यांत तिची गणना अजून झालेली नाही.

गेल्या पोळ्याला कॉम्प्युटरला बैलपण मिळालं.

बायको लग्नाआधी शाळेत गणित शिकवायची. लग्नानंतर तिनं नोकरी सोडली, म्हणजे आम्ही सगळ्यांनी मोठ्या मनानं तिला ती सोडू दिली. आता इतक्या वर्षांनी एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी तिला विचारलं होतं. घरी बसून शिकवायचं, पण आधी एक धडा त्यांच्यासमोर शिकवून दाखवायचा. पोळ्यानंतर एक दिवस सोडून, सकाळी. उन्हाळाभर तिनं त्या कॉम्प्युटरवर आकृत्या काढून धडे तयार केले होते. "हे हुकलं तर मला पुन्हा कोणी विचारणार नाही," असं ती एकदाच बोलली होती, आणि भाजी परतायला लागली होती.

अशा वेळी नवऱ्यानं काहीतरी मदत करायला हवी. मी एक व्हिडिओ पाहिला. कॉम्प्युटर चालू होताना 'तू कॉम्प्युटर आहेस' हे त्याला सांगणारा एक लहानसा प्रोग्राम असतो, बायोस नावाचा. तो नवा टाकला की यंत्र पळायला लागतं म्हणे. आमचं यंत्र उत्तम चाललं होतं, पण चांगल्या चाललेल्या गोष्टीला हात लावल्याशिवाय मदत केल्यासारखं वाटत नाही. पोळ्याच्या दुपारी मी ते काम सुरू केलं. पडद्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत आलं की काम होईपर्यंत बंद करू नका. पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. मी म्हटलं, तोवर तोरणाखाली बैल पाहून येऊ.

परत आलो तर खोलीत उदबत्तीचा वास. कॉम्प्युटरच्या डब्यावर कुंकवाची बोटं, पुढे पुरणपोळीचा तुकडा, आणि भिंतीवरचं बटण बंद. वडील हात जोडून उभे.

"बाबा, बटण कोनं बंद केलं?"

"म्याच केलं. थो बी वर्षभर राबतेच ना बाप्पा? पोळ्याच्या दिवशी कोनाच्या मानेवर जू ठेवते का?"

मी बटण दाबलं. पंखा फिरला, एक दिवा मिचमिचला, पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. पुन्हा काळा. बायको डाळीच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वडिलांकडे पाहिलं नाही. "परवा सकाळी आहे," एवढंच म्हणाली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. वडिलांनी त्या रात्री पोळी खाल्ली नाही.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आमचा माणूस पांढुर्ण्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला फोन लावला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. तरी अडलेल्या माणसाला आशा असते.

"आज गोटमार हाय ना भाऊ! मी नदीवर हाव," तो ओरडला. मागे ढोल आणि गलका. "काय झालं त्याले?"

"पंखा फिरून राहिला, पडदा काळा."

"फॉरमॅट मारा लागते."

"आत बायकोचे धडे आहेत."

"मंग थे जाते. हट बे, हट! आला, गोटा आला!" आणि फोन बंद.

निदान पक्कं होतं. आमच्याकडे कॉम्प्युटरच्या वायरी उंदरानं खाल्ल्या तरी फॉरमॅटच मारतात. डोकं फुटायची पाळी असताना त्यानं तेवढा सल्ला दिला, हेच खूप झालं.

मी हताश बसलो होतो तेव्हा बायको फोनवर कंपनीचं माहितीपुस्तक वाचत होती. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, कारण मी व्हिडिओवाला माणूस. "आतलं काही गेलेलं नाही," ती म्हणाली. "धडे जागेवर आहेत. हा नुसता उठायचं विसरलाय." बायोस बिघडला तर पेन ड्राइव्हवरून तो परत बसवायची सोय कंपनीनं ठेवली होती. ठरलेली फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची, कीबोर्डवरची दोन बटणं दाबून धरायची आणि मग वीज द्यायची.

पेन ड्राइव्ह घरात नव्हता आणि दुकानदार सगळे दगड पाहायला गेलेले. वडील उठून बाहेर गेले आणि ट्रॅक्टरच्या टेपमधला पेन ड्राइव्ह काढून घेऊन आले. "याच्यात गाने हायत माये. पुसून टाक," मला म्हणाले. त्या गाण्यांशिवाय ते नांगरटीला बसत नाहीत.

फोनमधून फाइल त्यावर घेतली. बटणं दाबून धरायचं जोखमीचं काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. "पुढे नाही, मागे लावा पेन ड्राइव्ह," बायको म्हणाली. दुसऱ्यांदा पडदा उजळला आणि तीच मुंगीच्या चालीची पट्टी दिसली. ती संपेपर्यंत वडील ओसरीत मीटरखाली काठी घेऊन बसले होते. शेजारीण साखर मागायला आली, तिलाही त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं.

कॉम्प्युटर उठला. धडे जसेच्या तसे होते. बायकोनं पदरानं तोंड पुसलं आणि आधी आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर तीन चेहरे आले. त्यातल्या बाई म्हणाल्या, तयार धडा राहू द्या, घरात कुणी असेल त्याला आत्ता काहीतरी शिकवा, आम्ही पाहतो. दाराशी उभा असलेला मी शर्ट नीट करून पुढे झालो. बायकोनं माझ्या मागे पाहिलं.

"मामाजी, तुम्ही या."

वडील टोपी काढून खुर्चीच्या कडेवर बसले. तिनं पडद्यावर एक चौकोनी शेत काढलं. "याची लांबी दुप्पट केली आणि रुंदीही दुप्पट केली, तर शेत किती पट होईल?"

"दुप्पट," वडील म्हणाले. जन्म शेतात गेलेल्या माणसाच्या खात्रीनं.

तिनं हसू न आणता शेजारी मोठं शेत काढलं, त्यात लहान शेत ठेवलं, मग आणखी एक, मग खाली दोन. वडील पुढे वाकून बोटानं मोजत राहिले. चहा हवा असला तरी 'तिले सांग' म्हणून माझ्याकडून निरोप देणारा हा माणूस. सुनेशी थेट बोललेला मला आठवत नाही. त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"मॅडम," ते म्हणाले, "एकडाव आखीन सांगा."

बायकोचा हात थांबला. ती म्हणाली, "हो, सांगते," आणि तिनं पहिलं शेत पुन्हा काढायला घेतलं.