दोलोरमावशीच्या दारावरचं नाव

दोलोरमावशीने हाब्तोमला घरात लपवलंय, असं माल्टातल्या आमच्या मार्साश्लोक गावभर बोललं जात होतं. साफ खोटं! लपवायचं असतं, तर तिने त्याला भर रस्त्यावर, दारापुढे खुर्ची टाकून स्वतःशेजारी बसवलं असतं का?

हाब्तोम एरिट्रियाहून आलेला. आश्रयाच्या अर्जावर त्याचं अपील चालू होतं आणि निर्वासितांच्या छावणीत राहण्याची मुदत संपली होती. पत्ता नसेल तर सुनावणीचं पत्र मिळणार नाही, आणि सुनावणी चुकली की परत पाठवणी. म्हणून मावशीने दाराशेजारी भिंतीत बसवलेल्या संत रीटाच्या निळ्या फरशीखाली तशीच नावाची फरशी बसवली: 'हाब्तोम'.

पत्ता तपासायला सरकारी कारकून आला. नाकातून बोलणारा, त्याची नक्कल मी झकास करते.

"बाई, शेजाऱ्यांची तक्रार आहे. हा तुमचा कोण?"

"भाडेकरू. आणि तक्रार शेजाऱ्यांची असेल, तर दार त्यांचं वाजवा. इथे कोण राहतं ते भिंतीवर लिहिलंय. वाचता येतं ना, बाळा?"

मी तिला चिडवलं, "जत्रेत संताची मिरवणूक इथूनच जाणार, मावशी. सगळं गाव बघेल. त्याआधी फरशी काढशीलच, लाव पैज!"

"हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

जत्रेच्या दिवशी तिने त्या फरशीभोवती दिव्यांची माळ सोडली. पुढच्याच आठवड्यात पोस्टमनने सुनावणीचं पत्र त्याच दारात हाब्तोमच्या हातात दिलं. मावशी काय म्हणाली, ते मला हुबेहूब करून दाखवता येईल, पण अजून बावीस दिवस बाकी आहेत.