रिप्लेस ऑल आणि इरफानचा निकाह

आता हसणार नसाल तर सांगतो. हसणारच तुम्ही, पण चहा माझा पिताय, तेव्हा ऐकून घ्या.

इथे सौदीत, खफजीला, समुद्रातल्या तेलाच्या कामाचे रिपोर्ट टाइप करतो मी. दापोलीला माझ्या धाकट्या भावाचं, इरफानचं लग्न ठरलं होतं. तिकिटं काढून तयार. पण आमचे मॅनेजर, नाशिकचे बोरसे साहेब, म्हणाले, “क्रेनचा रिपोर्ट मंजूर होऊ दे, मग सुट्टीवर सही.”

रिपोर्ट परत आला. का? तर ‘१२’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘टन’ खालच्या ओळीत. तेवढ्यासाठी? हो, तेवढ्यासाठी.

मोबाइलवर उपाय सापडला. वर्डमध्ये म्हणे एक खास स्पेस असते. ती दोन शब्दांमध्ये घातली की ओळ तिथे तुटत नाही. पण दीडशे पानांत एकेक कोण घालत बसणार? अल्लाने अक्कल दिलीय ना! सगळ्या साध्या स्पेस काढून सगळीकडे ही खास घातली. रिप्लेस ऑल, खलास. उघडून न बघता मेल केला.

तासाभरात साहेबांनी बोलावलं. बघतो तर अर्धी क्रेन वरच्या ओळीत, अर्धी खालच्या. ओळीला कुठेच तुटायची परवानगी नाही म्हटल्यावर ती बिचारी शब्दाच्या मधूनच तुटणार. पण हे तेव्हा मला कुठे ठाऊक?

“हे काय रे काझी?”

“व्हायरस असेल साहेब.”

झालं. ऑफिसातले सगळे कम्प्युटर बंद. आयटीवाले माझ्या लॅपटॉपला चिकटले आणि बाकीचे दिवसभर सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, पीत मला दुवा देत बसले.

घरी आलो. मेलमधली फाइल माझ्या मुलीने, सनाने, तिच्या लॅपटॉपवर उघडली. आठवीत आहे. एक बटण दाबलं तर पानभर, प्रत्येक स्पेसच्या जागी, बारीक बारीक गोल.

“पप्पा, व्हायरस नहीं है. एव्हरीव्हेअर राँग स्पेस है. किसने किया?”

“ऑफिसात आहे एक जण.”

“ही इज सो डंब,” ती म्हणाली आणि दोन मिनिटांत सगळं जागेवर आणलं. खास स्पेस फक्त आकडा आणि टन यांच्यामध्ये ठेवली.

सकाळी साहेबांना म्हटलं, “व्हायरस काढला. लई झगडावं लागलं, पण काढला.” एवढं बोलायची काही गरज होती का? पण तोंडाला कुठे ब्रेक असतो.

रिपोर्ट मंजूर झाला. मी रजेचा अर्ज पुढे केला. साहेबांनी पेन उघडलं, थांबले आणि परत टोपण लावलं.

“काझी, आयटीवाल्यांना जमलं नाही ते तू केलंस. तू दापोलीला गेलास आणि व्हायरस परत आला तर?”

बायको आणि सना लग्नाला गेल्या. इरफानचा निकाह मी इथे बसून मोबाइलवर पाहिला. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण साहेबांना सांगणार तरी काय होतो? घाबरू नका, व्हायरस स्वतःच रजेचा अर्ज घेऊन समोर उभा आहे?